बिननावाची पितळी लेन्स: ओळख कशी पटवायची, काळ कसा ठरवायचा?

नवी_तबकडी

नमस्कार मंडळी. एका जुन्या पितळी लेन्सची ओळख पटवायची आहे. तिच्यावर कारखान्याचं नाव नाही, गाव नाही, क्रमांकही नाही. हाताशी असलेली माहिती देतो.

नळी सगळी पितळेची. पुढच्या टोपासकट लांबी १७ सेंमी, पुढच्या भिंगाचा उघडा भाग ५४ मिमी. बाजूला गोल मूठ आहे, ती फिरवली की दातेरी पट्टीवरून आतली नळी पुढेमागे सरकते. नळीच्या वरच्या अंगाला साधारण ३ मिमी रुंदीची आडवी खाच. कॅमेऱ्याच्या फळीवर बसवायची फ्लँज (आट्यांची कडी) नाही, पण बाहेरच्या नळीला तिचे आटे शाबूत आहेत. पुढच्या आणि मागच्या दोन्ही सेलच्या (काचा बसवलेल्या पितळी चौकटींच्या) आट्यांवर आतून "२७" ठोकलेलं दिसतं. काचा स्वच्छ, ओरखडे किरकोळ. पितळ बहुतेक ठिकाणी मधासारखं पिवळं, काही ठिकाणी तपकिरी डाग.

दोन परस्परविरोधी मतं मिळाली आहेत. पहिलं: ही पेत्स्वाल पद्धतीची (पोर्ट्रेटसाठीची जुनी रचना) आहे, म्हणजे १८४५ च्या सुमाराची, फोइग्टलेंडर कारखान्याची असणार. दुसरं: ही कॅमेऱ्याची लेन्सच नाही, मॅजिक लँटर्नची (काचेवरचं चित्र पडद्यावर पाडणाऱ्या जुन्या दिव्याची) आहे. खरं काय ते कसं ठरवायचं? आणखी एक अडचण: कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर प्रतिमा मधोमधही लख्ख येत नाही, उजेडाच्या भागांभोवती धुकं पसरतं. पितळ चकचकीत करून घ्यावं का, तेही सांगा.

---

काचघर

पितळ चकचकीत करू नका. कारण खाली कोणीतरी लिहीलच, पण तोवर हात आवरा.

नाव नसलं की माणूस बाहेरून अंदाज बांधत बसतो. नळीचा घाट, मुठीची नक्षी, पितळेचा रंग यांवरून काळ ठरत नाही, कारण हे घाट पन्नास-पन्नास वर्षं चालू राहिले. आधी आत काचा किती आणि कशा बसवल्यात ते बघा. लेन्स न उघडता ते कळतं.

खोली अंधारी करा. एकच छोटा दिवा पेटता ठेवा, टॉर्चचा उघडा बल्ब सगळ्यांत चांगला. पुढचा सेल काढून हातात घ्या, दिवा खांद्यामागे ठेवा आणि काचेत दिव्याची प्रतिबिंबं मोजा. सेल किंचित हलवला की प्रत्येक प्रतिबिंब वेगवेगळ्या वेगाने आणि दिशेने सरकतं, त्यामुळे एकावर एक आलेली वेगळी होतात. हवा आणि काच भेटतात तिथे उजेडाचा सुमारे ४ टक्के भाग परततो, ते प्रतिबिंब ठळक. दोन काचा कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेने चिकटवलेल्या असतील तर त्या सांध्यावर फार थोडा उजेड परततो. ते प्रतिबिंब फिकट, बहुतेकदा पिवळसर, आणि नवख्याच्या नजरेतून हमखास निसटतं.

आता हिशेब. पेत्स्वालमध्ये पुढचा सेल चिकटवलेल्या जोडीचा: २ ठळक, १ फिकट. मागच्या सेलमध्ये दोन काचांच्या मध्ये हवा: ४ ठळक. दोन्ही सेल सारखेच, प्रत्येकी २ ठळक नि १ फिकट निघाले तर ती रॅपिड रेक्टिलिनियर किंवा तिची जर्मन बहीण अ‍ॅप्लानाट. डालमायर आणि श्टाइनहाइल या दोघांनीही १८६६ मध्येच ती आणली, म्हणून त्याआधीची असू शकत नाही. प्रत्येक सेलमध्ये २ ठळक आणि २ फिकट म्हणजे तीन काचा चिकटवलेल्या, डागोरच्या जातीची, १८९२ नंतरची. संपूर्ण लेन्समध्ये ६ ठळक आणि फिकट एकही नाही तर कुक ट्रिप्लेट, १८९३ नंतर. ६ ठळक नि १ फिकट म्हणजे टेसार, १९०२ नंतर. एकच सेल, २ ठळक नि १ फिकट, आणि झडप (उजेडाचं भोक लहान करणारा भाग) काचेच्या पुढे असेल तर साधी लँडस्केप लेन्स. हा प्रकार डागेरोटाइपच्या (चांदीच्या तबकडीवरच्या सुरुवातीच्या छायाचित्रांच्या) पहिल्या वर्षापासून पुढे कित्येक दशकं निघत राहिला.

यात एक फसगत होते. बाल्सम सुटलेलं असेल तर सांध्यात हवा शिरते आणि फिकट प्रतिबिंबाच्या जागी दोन ठळक दिसतात. मग चिकटवलेली जोडी सुटी वाटते. सेल तिरका धरून काठाकडे पाहा. इंद्रधनुषी कडी किंवा नेच्याच्या पानासारखी पांढुरकी नक्षी दिसली तर बाल्सम सुटलंय असं समजा आणि मोजणी त्या हिशेबाने दुरुस्त करा.

प्रतिबिंबं मोजून झाली की फोकल लेंग्थ (दूरच्या वस्तूवर फोकस असताना लेन्सपासून प्रतिमेपर्यंतचं अंतर) मोजा. लेन्स घडीच्या कॅमेऱ्यावर बसवा. फ्लँज नसेल तर जाड पुठ्ठ्याला भोक पाडूनही चालतं. दूरच्या झाडावर किंवा इमारतीवर फोकस करून दुधी काचेची जागा पट्टीवर खूण करून ठेवा. मग एक मोजपट्टी समोर धरा आणि तिची प्रतिमा दुधी काचेवर अगदी तेवढ्याच आकाराची येईपर्यंत दोन्हीकडची अंतरं जुळवा, म्हणजे १० मिमीचे १० मिमीच. लेन्सपासून दुधी काच जेवढी जास्त मागे गेली तेवढी फोकल लेंग्थ. नळीच्या मधोमधून मोजायचं की मागच्या काचेपासून, हा प्रश्नच येत नाही, कारण दोन जागांमधला फरकच मोजतोय. मात्र मधल्या वेळात दातेरी मुठीला हात लावू नका, नाहीतर तिने सरकवलेलं अंतर हिशेबात येणार नाही.

---

आटेपेच

लँटर्नच्या शंकेवर लिहितो.

तुमच्या वर्णनात दोन गोष्टी कॅमेऱ्याच्या बाजूने आहेत: फ्लँजचे आटे आणि वरची खाच. लँटर्नच्या लेन्सची बाहेरची नळी बहुधा गुळगुळीत असते आणि लँटर्नच्या तोंडात सरळ सरकवली जाते. झडपेची गरज तिथे नाही, उलट जितका उजेड पडद्यावर जाईल तितका हवा, म्हणून खाच नाही. नळीला आतून काळा रंगही अनेकदा नसतो. कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये आतलं पितळ काळं केल्याशिवाय भागत नाही, कारण नळीच्या भिंतीवरून परतलेला उजेड थेट फोटोच्या तबकडीवर धुकं आणतो. दातेरी पट्टीवरून मात्र काही ठरवू नका, ती दोन्हींत असते.

खाच मूळची की नंतर कापलेली, हे तपासणं इथे सगळ्यांत महत्त्वाचं. लँटर्नची लेन्स कॅमेऱ्याची म्हणून जास्त किमतीला जाते, म्हणून खाच पाडून विकण्याचा प्रकार सर्रास चालतो. भिंगातून खाचेच्या कडा पाहा. मूळ खाचेच्या कडांवरही तेच जुनं वार्निश उतरलेलं असतं आणि आतली कड काळी असते. नंतर करवतीने कापलेल्या कडेवर पितळ नागडं, रंग वेगळा, समांतर ओरखडे, कोपऱ्यात कानशीची खूण. खाचेतून टॉर्च मारा: मूळ असेल तर आत झडपेची पट्टी नेमकी मधोमध बसावी म्हणून कडी किंवा खोबण दिसेल. नुसतीच भोकासारखी खाच, आत पट्टीला टेकायला काही नाही, तर ती नंतरची.

खाच खरी ठरली की १८४५ आपोआप बाद. मधोमध खाच ठेवून तीत वेगवेगळ्या भोकांच्या पट्ट्या सरकवायची युक्ती जॉन वॉटरहाउस यांची, १८५८ ची. त्याआधी पितळी वॉशरसारख्या चकत्या असत, पुढचा टोप काढून त्या आत ठेवायच्या. एक अपवाद ध्यानात असू द्या: १८५८ पूर्वीच्या कित्येक लेन्सना मालकांनी नंतर खाच पाडून घेतली, कारण ती सोयीची होती. अशा खाचेच्या कडाही एव्हाना जुन्या झाल्यात. म्हणून खाच एकटीच पुरावा नाही, बाकीच्या खुणांशी ती जुळली पाहिजे.

काळ ठरवताना एक शिस्त पाळा. प्रत्येक खूण फक्त "याच्या आधीची नाही" एवढंच सांगते. पेत्स्वाल रचना १८४० च्या आधीची नाही, एवढाच तिचा अर्थ. १८४० ची रचना दिसली म्हणून लेन्स १८४० च्या दशकातली होत नाही, पेत्स्वाल विसाव्या शतकातही बनत होत्या. सगळ्या खुणांपैकी सर्वांत उशिराची खूण घ्या, ती झाली खालची मर्यादा. वरची मर्यादा रचना देत नाही. ती कारखान्याचं नाव, पत्ता आणि मालकी कधी बदलली यातून मिळते.

अॅल्युमिनियमचा एखादा भाग दिसला तर तोही बोलका असतो. १८८६ मध्ये विजेच्या साहाय्याने अॅल्युमिनियम काढायची पद्धत सापडल्यावरच तो धातू अशा कामाला परवडू लागला.

---

नवी_तबकडी

दोघांचे आभार. सांगितल्याप्रमाणे करून पाहिलं.

पुढचा सेल: २ ठळक, १ फिकट पिवळसर. मागचा सेल: ४ ठळक. फोकल लेंग्थ दोनदा मोजली, १९८ आणि २०१ मिमी आली. खाचेच्या कडा आतून काळ्या आहेत, आत दोन्ही बाजूंना बारीक खोबण आहे. पण प्रतिमा अजून तशीच धुरकट. खाचेत काळ्या कागदाची २० मिमी भोकाची पट्टी घातली की बरीच सुधारते, पूर्ण उघडी ठेवली की पुन्हा धुकं.

---

काचघर

म्हणजे पेत्स्वाल नक्की. २०० मिमीला ५४ मिमीची काच म्हणजे साधारण एफ/३.७ (फोकल लेंग्थ भागिले उघड्या भागाचा व्यास). पेत्स्वालची मूळ लेन्स एफ/३.६ च्या आसपास होती, तेव्हा हे प्रमाणही बरोबर जुळतं.

आता धुकं. भोक लहान केलं की सुधारतं, म्हणजे काचा काठाकडून येणारे किरण एका बिंदूत आणत नाहीयेत. पेत्स्वालमध्ये हे बहुतेक वेळा एकाच कारणाने होतं: कोणीतरी मागचा सेल पुसायला उघडला आणि काचा उलट्या घातल्या. पुढची जोडी चिकटलेली असते, तिला फार तर अख्खी उलटी बसवता येते. मागच्या सेलमध्ये दोन सुट्या काचा आणि एक कडी, तिथे चुकण्याच्या वाटा पुष्कळ.

उघडण्याआधी बाहेरूनच एक तपासणी करा. मागच्या सेलच्या सगळ्यांत बाहेरच्या पृष्ठभागात खिडकीचं प्रतिबिंब पाहा. बरोबर जोडणीत हा पृष्ठभाग अगदी सौम्य फुगीर असतो, त्यामुळे खिडकी त्यात मोठी दिसते. मूळ आराखड्यात या शेवटच्या काचेची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा सुमारे तिपटीने जास्त फुगीर आहे. खिडकीचं प्रतिबिंब लहानसं, बटणाएवढं दिसत असेल तर ती काच उलटी बसली आहे.

बरोबर क्रम असा. पुढची जोडी: जास्त फुगीर बाजू विषयाकडे, जवळजवळ सपाट बाजू नळीच्या आत. मागची जोडी, पुढून मागे जाताना: आधी फ्लिंट (जड प्रकारच्या) काचेचं भिंग, ते मध्ये पातळ आणि काठाला जाड, त्याची सौम्य फुगीर बाजू पुढे आणि खोलगट बाजू मागे. मग कडी. मग क्राउन (हलक्या प्रकारच्या) काचेचं भिंग, मध्ये जाड, त्याची जास्त फुगीर बाजू पुढे, म्हणजे फ्लिंटच्या खोलग्याकडे तोंड करून. लक्षात ठेवायला एवढंच पुरे: फुगा खोलग्यात.

याला एक अपवाद आहे. डालमायर यांच्या १८६६ च्या पेटंट पोर्ट्रेट लेन्समध्ये मागच्या दोन काचांचा क्रमच उलटा आहे, क्राउन आधी आणि फ्लिंट शेवटी. शिवाय मागचा सेल थोडा फिरवून काचांमधलं अंतर वाढवता येतं, त्याने मुद्दाम मऊपणा आणायचा. ती लेन्स कोणी "दुरुस्त" करून पेत्स्वालच्या क्रमाने बसवली की पार बिघडते. पण तिच्यावर डालमायर यांचं नाव आणि पेटंटचा उल्लेख ठसठशीत कोरलेला असतो, तुमच्यावर काहीच नाही.

सेल उघडायची रीत. टेबलावर जाड टॉवेल घडी करून पसरा, म्हणजे काच निसटली तरी वाचेल. सेलची कडी बहुधा दोन खाचांची असते, त्यासाठी दोन टोकांचा लेन्स स्पॅनर वापरा. स्क्रू ड्रायव्हरने एका बाजूने ठोकलं की तो घसरतो आणि काचेवर चंद्रकोरीसारखा ओरखडा कायमचा राहतो. आटे अडकले असतील तर पक्कड अजिबात नको: गोल नळी दाबली की किंचित लंबगोल होते आणि मग आटे कायमचेच बसतात. त्याऐवजी रबराचा पट्टा गुंडाळून दोन्ही हातांनी सारख्या दाबाने फिरवा. न सुटल्यास आट्यांच्या बाहेरच्या रेषेवर पातळ भेदक तेलाचा एकच थेंब सुईच्या टोकाने सोडा, चोवीस तास थांबा, मग पुन्हा. पुढच्या सेलला उष्णता देऊ नका, बाल्सम मऊ होऊन दोन्ही काचा एकमेकींवरून सरकतात.

काच बाहेर काढण्याआधी तिच्या काठावर मऊ पेन्सिलने बाण काढा, टोक विषयाच्या दिशेला. आणि हे विसरू नका: काचेचा काठ चांगल्या उजेडात सावकाश फिरवून नीट वाचा. बिननावाच्या लेन्सचं नाव कित्येकदा तिथेच पेन्सिलीने लिहिलेलं असतं. तो काठ पुसू नका, धुऊ तर नकाच.

---

बाल्सम

पितळेबद्दल आणि अक्षरांबद्दल माझ्याकडून.

तुम्हाला मधासारखा दिसतो तो पितळेचा रंग नाही, त्यावरचं लाखेचं वार्निश आहे. पॉलिशने घासलं की आधी ते जातं, मग पितळ दर काही महिन्यांनी काळं पडत राहतं, आणि कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथट होतात. एखाद्या फिकट क्रमांकाचा शेवटचा आकडा असाच पुसला जातो. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड ओलसर करून हलक्या हाताने फिरवा, लगेच कोरडं करा, बास. स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका: लाख त्यात विरघळते आणि कापडाला पिवळा रंग लागताना दिसेल, तोवर उशीर झालेला असतो. अमोनियाचे काचक्लीनरही पितळेपासून लांबच ठेवा.

काचेवर कुठे निळसर-जांभळी झाक दिसली तर दोन शक्यता. सारखी, एकजीव झाक असेल तर कोटिंग. कोटिंगची कला १९३५ ची, तेव्हा काच बदललेली किंवा नंतर कोटिंग केलेली. ठिपक्या-ठिपक्यांची, काठाकडे जास्त अशी झाक असेल तर तो काचेला वर्षानुवर्षांत आलेला नैसर्गिक थर. तो घासून काढू नका. कुक ट्रिप्लेटचे जनक एच. डेनिस टेलर यांनीच १८९० च्या दशकात दाखवून दिलं होतं की असा थर आलेली लेन्स जास्त उजेड आरपार सोडते. डाग समजून ज्याला लोक घासतात तो खरं म्हणजे फुकटात मिळालेला फायदा आहे.

वर आटेपेच यांनी वरच्या मर्यादेचा मुद्दा मांडला, तो फार मोलाचा आहे. नावाची लेन्स हाती आली तर असं वाचा. "ए. रॉस, लंडन" म्हणजे अँड्र्यू रॉस यांच्या हयातीतली, ते १८५९ मध्ये गेले. त्यांचे जावई जे. एच. डालमायर यांनी त्यानंतर वेगळा कारखाना काढला, म्हणून "डालमायर" कोरलेली कोणतीही लेन्स १८६० च्या आधीची नाही. "लरबूर ए सक्रेताँ, पॅरिस" ही जोडी १८४५ ते १८५५ च्या आसपास एकत्र होती, इतकी अरुंद खिडकी क्वचित मिळते. फोइग्टलेंडरच्या बाबतीत गावाकडे बघा: नुसतं व्हिएन्ना असेल तर जुनी, ब्राउनश्वाइग असेल तर १८४९ नंतरची, कारण तिथला कारखाना त्या वर्षी सुरू झाला.

क्रमांकाचा उपयोग कारखाना माहीत असेल तरच. फोइग्टलेंडरने दहा हजारावी लेन्स १८६२ मध्ये साजरी केली, तेव्हा त्यांचा पाच आकडी क्रमांक त्याआधीचा असणं अवघड. डालमायर यांच्या क्रमांकांच्या जुन्या वह्या लंडनच्या ब्रेंट अभिलेखागारात जपून ठेवल्यात, त्यात विक्रीच्या नोंदी मिळतात. पण बिननावाच्या नळीवरचा आकडा कुणाच्या यादीत शोधणार? तुमच्या दोन्ही सेलवरचं "२७" हा तर क्रमांकही नाही, ती जुळणीची खूण आहे. एका खेपेला बऱ्याच नळ्या बनत आणि प्रत्येक नळीचे आटे तिच्याच सेलशी हाताने जुळवलेले असत, म्हणून कारागीर तोच आकडा सगळ्या भागांवर ठोकत. तिचा फायदा वेगळाच: दोन्ही सेलवर एकच आकडा म्हणजे ते एकाच लेन्सचे आहेत. नळीच्या आतल्या आट्यांवरही २७ सापडतंय का पाहा. पुढचा सेल एकाचा आणि मागचा दुसऱ्याचा अशा खिचडी लेन्सा बाजारात भरपूर फिरतात.

कायद्यांची अक्षरंही कामी येतात. इंग्रजीत "मेड इन जर्मनी" अशा थाटाचा शिक्का ब्रिटनच्या १८८७ च्या कायद्यानंतर आणि अमेरिकेच्या १८९० च्या आयात कायद्यानंतर सर्रास दिसू लागला. "डी. आर. पी." हे जर्मन साम्राज्याचं पेटंट, १८७७ नंतर. "डी. आर. जी. एम." ही जर्मन नमुना-नोंदणीची खूण, १८९१ नंतर. फ्रेंच पेटंटची "एस. जे. डे. जे." (S.G.D.G.) ही खूण मात्र १८४४ पासून विसाव्या शतकापर्यंत चालू होती, त्यावरून फारसं काही निघत नाही. आणि पेटंटची तारीख लेन्स बनल्याची तारीख नव्हे: बॉश अँड लॉम्बच्या शटरवर ६ जानेवारी १८९१ कोरलेलं असतं, पण तीच तारीख पुढे अनेक वर्षं कोरली जात राहिली.

आयरिस झडपेची (पात्यांनी भोक लहानमोठं होणारी) लेन्स असेल तर आकड्यांनी फसू नका. ४, ८, १६, ३२, ६४, १२८ अशी दुपटीने चढणारी मालिका दिसली तर ती एफ-संख्या नाही, १८८१ ची ब्रिटिश "युनिफॉर्म सिस्टिम" आहे. तिथला ४ म्हणजे एफ/८, १६ म्हणजे एफ/१६च आणि ६४ म्हणजे एफ/३२. कित्येक रॅपिड रेक्टिलिनियर लेन्सा या एका चुकीमुळे "एफ/४ ची वेगवान लेन्स" म्हणून विकल्या जातात. ६.३, ९, १२.५, १८, २५ अशी मालिका युरोप खंडातली, ती खऱ्या एफ-संख्याच आहेत.

---

नवी_तबकडी

सेल उघडला. खिडकीचं प्रतिबिंब खरोखरच बटणाएवढं होतं, क्राउन भिंग उलटं निघालं. दोन काचांमध्ये कडीही नव्हती, दोन्ही काठाला काठ लागून होत्या आणि फ्लिंटच्या काठावर दोन बारीक टवके आहेत. नळीच्या आतल्या आट्यांवर २७ सापडलं.

आणि क्राउन भिंगाच्या काठावर पेन्सिलीने तिरक्या अक्षरांत नाव आहे: "दार्लो, पॅरिस". पुढे एक आकडा आहे, तो नीट लागत नाही.

आता कडीची जाडी कशी ठरवायची? आणि वॉटरहाउसच्या पट्ट्या बनवायच्या असतील तर भोकांची मापं कशी काढायची?

---

काचघर

उत्तम. आल्फोंस दार्लो, पॅरिस. तिथले लेन्स बनवणारे जामँ यांच्या कारखान्यात भागीदार होऊन साधारण १८६० पासून त्यांचं नाव पुढे आलं. बिननावाच्या लेन्सा बनवून दुकानदारांना पुरवणं हा त्यांच्या धंद्याचा मोठा भाग होता. बाहेर विकणाऱ्याचं नाव कोरलेलं, किंवा काहीच नाही, आणि आत काठावर पेन्सिलीत सही, हे त्यांच्या मालाचं नेहमीचं रूप. त्या सहीचा आत्ताच तिरक्या उजेडात, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढून ठेवा. पेन्सिल बोटाच्या घामानेही जाते.

वर्षाबद्दल: मूळची खाच आणि दार्लो यांचं नाव मिळून १८६० ही खालची मर्यादा. आयरिस नाही, यावरून १८९० च्या आधीची असण्याकडे कल जातो, पण स्टुडिओच्या मोठ्या पोर्ट्रेट लेन्सांना पट्ट्यांची खाच उशिरापर्यंत होती, म्हणून तो नुसता कल समजा. १८६० ते १८९० असं लिहा, त्याहून बारीक वर्ष सांगायला या लेन्समध्ये पुरावा नाही.

---

आटेपेच

कडीची जाडी सेलच सांगतो. फ्लिंट आणि क्राउन योग्य दिशेने, कडीशिवाय आत ठेवा आणि वरची कडी तिच्या खांद्यापर्यंत पूर्ण आवळा. काचा खुळखुळतील. ती ढील जेवढी, तेवढीच साधारण हरवलेल्या कडीची जाडी. ढील मोजायला व्हर्नियर कॅलिपरच्या खोली मोजायच्या दांडीने क्राउनच्या पाठीपर्यंतची खोली घ्या: एकदा सेल उभा धरून काच खाली बसलेली असताना, आणि एकदा सेल उलटा धरून काच कडीला टेकलेली असताना. दांडीच्या टोकाला कागद चिकटवा, नाहीतर काचेवर ठिपका पडेल.

तो आकडा घेऊन लगेच पितळ कापू नका. काळ्या पुठ्ठ्याच्या १ मिमीच्या कड्या कापा, रुंदी २ मिमीहून जास्त नको, आणि मोजलेल्या जाडीच्या आसपास एक कमी, एक जास्त करून बघा. अंधारात दूरवर सुईच्या भोकातून येणारा उजेडाचा एकच ठिपका ठेवा, झडपेची पट्टी काढून टाका आणि दुधी काचेवर भिंग लावून मधोमधचा ठिपका पाहा. ज्या जाडीला ठिपक्याभोवतीचं वलय सर्वांत कमी, ती बरोबर. मग तेवढ्याच जाडीची पितळी कडी लेथवर करून घ्या, दोन्ही बाजू समांतर. एका बाजूला दशांश मिलिमीटरने जरी जाड झाली तरी भिंग तिरकं बसेल आणि ठिपक्याला एकाच दिशेला शेपूट फुटेल. कडी आतून काळी करायला विसरू नका. फ्लिंटच्या टवक्यांनाही काळा मॅट रंग लावा, त्यावरून उजेड उधळतो. रंग फक्त टवक्यात, काठावर जिथे सही असेल तिथे ब्रश जाता कामा नये.

पट्ट्यांबद्दल. पुढची जोडी झडपेचं भोक थोडं मोठं करून दाखवते, म्हणून फोकल लेंग्थला एफ-संख्येने भागून आलेलं माप तसंच कापलं तर पट्टी सांगते त्याहून जास्त उजेड आत येईल. नेमका फरक असा काढा: २० मिमी भोकाची पट्टी खाचेत घाला. फोकस दूरवर ठेवून दुधी काचेच्या जागी मध्ये बारीक भोक असलेला पुठ्ठा लावा आणि त्याच्यामागून दिवा धरा. लेन्सच्या पुढच्या तोंडावर ट्रेसिंग पेपर ताणला की त्यावर उजेडाची गोल चकती दिसेल. तिचा व्यास मोजा. समजा २३ मिमी आला, तर प्रमाण १.१५.

मग एफ/८ साठी २०० भागिले ८ म्हणजे २५, त्याला १.१५ ने भागून २१.७ मिमी. एफ/५.६ ला ३१ मिमी, एफ/११ ला १५.८, एफ/१६ ला १०.९. तुमचं प्रमाण वेगळं आलं तर आकडे त्या हिशेबाने बदला. कडी बसवल्यावर फोकल लेंग्थ पुन्हा मोजा, काचांमधलं अंतर बदललं की तीही थोडी सरकते, आणि पट्ट्या त्यानंतरच कापा.

अर्ध्या मिलिमीटरचा पितळी पत्रा पुरतो. भोकाची कड एका बाजूने तिरकी घासून पातळ करा, नाहीतर पत्र्याच्या जाडीवरून उजेड परततो. सगळ्या पट्ट्यांची रुंदी खोबणीच्या रुंदीपेक्षा केसभर कमी ठेवा. घट्ट बसवल्या तर खोबणीतला जुना काळा रंग खरवडून निघेल आणि त्याची भुकटी थेट मागच्या भिंगावर पडेल.